बंद घराच्या अंगणातही पालखी थांबते, ती तुझ्यामुळे

तीर्थस्वरूप काकीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तू "हो हो, कळलं, बाबांची तब्येत कशी आहे ते सांग" म्हणून विषय बदलतेस. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय ही गोष्ट एकट्या आमच्या घराची नाही. दापोलीपासून खाली सावंतवाडीपर्यंत वाडीवाडीत कुलूप लागलेली घरं आहेत आणि त्यातल्या कितीतरी घरांच्या किल्ल्या शेजारच्या खुंटीला टांगलेल्या आहेत. त्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सगळ्यांचेच आभार तुझ्या निमित्ताने मानते.

आजी गेली, बाबा कायमचे डोंबिवलीला आले, तेव्हा मी मनाशी धरून चालले होते की आता शिमग्यात पालखी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, यायची नाही. देवी घरं घेत येते. जिथे माणूसच नाही, तिथे ओटी कोण भरणार? खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी कोण घालणार? मानकरी सरळ पुढच्या घराकडे वळले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. पण त्या वर्षी तू पहाटे उठून आधी आमचं खळं सारवलंस, मग तुझं. दाराशी रांगोळी, तुळशीपाशी दिवा, पाटावर तांदूळ. पालखी आली तशी पुढे होऊन म्हणालीस, "ह्या घराचं मी करते." आणि देवीपुढच्या गाऱ्हाण्यात आमच्या बाबांचं नाव घ्यायला लावलंस. बाबांना हे दुसऱ्या कुणाकडून कळलं. त्या रात्री ते बराच वेळ आजीबद्दल बोलत बसले होते.

लहानपणी शिमगा म्हणजे माझ्यासाठी आधी आवाज होता. फाक पंचमीपासून पोरं रोज होळीची लाकडं गोळा करायला हिंडायची, पौर्णिमेला होम लागायचा आणि मग पालखी गावात फिरायला निघायची. कधी येईल याचा नेम नसायचा. वरच्या वाडीत ढोल वाजला की आजी म्हणायची, अजून वेळ आहे. पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून ताशा खाली उतरायला लागला की घरातला प्रत्येक जण उठून बसायचा. पुढे पेट्रोमॅक्सवाला, मागे ढोल-सनई, मग पालखी, आणि त्याच्याही आधी धावत यायचा तो संकासुर. काळे कपडे, काळ्या मुखवट्यावर लांब पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं. मी आजीच्या पदराआड लपायचे. एकदा तूच मला पदरातून बाहेर काढून त्याच्यासमोर उभं केलंस आणि म्हणालीस, "देवाचं माणूस आहे, नमस्कार कर." तो वाकला तेव्हा घुंगरं एकदम थांबली. मुखवट्याच्या भोकांतून त्याचे डोळे दिसले, घामाने लाल झालेले, थकलेले आणि हसरे. माझी भीती तिथेच गेली.

आणि पालखी नाचायची ते! दांडीखाली दोघेच. ढोलाची चाल बदलली की गुडघे वाकवून ते पालखी अशी झुलवायचे की देवीची रुपं एकदा समुद्राकडे तोंड करायची, एकदा डोंगराकडे. चांदीच्या मुखवट्यांवर पेट्रोमॅक्सचा उजेड सळसळायचा. खांदा बदलायला मागे पोरांची रांग लागलेली असायची. कुणी दांडी सोडायला तयार नसायचं, त्यावरून भांडणंसुद्धा व्हायची.

आता रांग नाही. पोरं नालासोपारा, विरार, दिव्याला. दोन दिवसांची रजा काढून येतात, एखाद्या रात्रीत जमेल तेवढा खांदा देतात आणि परत पळतात. पूर्वी एसटीत उभ्याने रात्र काढून, कशेडीचा घाट ओलांडून यावं लागायचं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आता रस्त्यानेही घाट टाळून बोगद्यातून येता येतं. येणं सोपं झालं, पण राहणारी माणसं कमी झाली. पालखी पाखाडीने न येता डांबरी रस्त्याने येते, कुठल्या घरी किती वाजता ते आधी व्हॉट्सअपवर येतं. बऱ्याच खळ्यांत पेव्हर ब्लॉक आले. पेट्रोमॅक्सची जागा एलईडीच्या फोकसने घेतली, आणि खरं सांगायचं तर त्या पांढऱ्याफटक उजेडात रुपं पूर्वीसारखी दिसत नाहीत. या एका बाबतीत माझं मन अजून राजी होत नाही.

पण सगळं गेलं असं मी म्हणणार नाही. आपल्या गावाने ढोल-ताशाच ठेवला, डीजे येऊ दिला नाही, याचा मला अभिमान आहे. आणि आम्ही मुली ओटीच्या कठड्याला टेकून नुसत्या बघायचो, तिथे आता पोरी दांडीखाली उभ्या राहतात. यंदा तू मला मागून ढकललंस: "जा, बापाच्या खळ्यात नाचव." दांडी खांद्यावर आली तेव्हा कळलं की वजन खांद्यावर नाही, मांड्यांवर येतं. बाबा डोंबिवलीहून व्हिडिओ कॉलवर बघत होते. फोन तू धरला होतास आणि तुझा हात हलत होता, त्यामुळे त्यांना निम्मं आभाळच दिसलं. तरी ते रडले.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आपल्याकडेही पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. तेव्हा लॉकडाऊन, आम्ही येऊच शकत नव्हतो. तुझ्या स्वतःच्या पडवीवरची कौलं उडाली होती, तरी आमच्या माजघरावर ताडपत्री आधी पडली. पुढच्या वर्षी शिमगा साधेपणाने करायचा म्हणून पालखी घरोघर फिरली नाही. तेव्हाही तू आमच्या नावाचा नारळ देवळात नेऊन ठेवलास आणि अंगारा कागदाच्या पुडीत बांधून पाठवलास. ती पुडी बाबांच्या देव्हाऱ्यात आहे.

काकी, तुझे दोन्ही मुलगे मुंबईत. दोन घरांचं सारवण, दोन ओट्या, पालखीबरोबर येणाऱ्या खेळ्यांचा दोन्ही घरचा चहा, हे सगळं तू गुडघे धरून करतेस. त्याचे पैसे विचारले तर रागावतेस, म्हणून ते इथे विचारत नाही. मात्र तुझ्यावाचून आमचं घर पालखीच्या वाटेवर राहिलं नसतं, हे गावाला ठाऊक आहे, आणि ते आम्हालाही ठाऊक आहे, एवढं तुला कळायला हवं.

गुडघ्यांसाठी दापोलीच्या डॉक्टरांकडे जायचं तू पुढे ढकलू नकोस. मे महिन्यात बाबांना घेऊन येतेय, तेव्हा आपण दोघी जाऊ. आणि पुढच्या शिमग्याला मी पंचमीलाच पोचते. दोन्ही खळी मी सारवणार, तू पाटावर बसून सांगायचं. शेण तेवढं आधी कुणाला तरी सांगून ठेव.

तुझीच,
शेजारच्या घरची लेक