क्रीटमधल्या अनोळखी माणसांचे मनापासून आभार

जानेवारीत आईला घेऊन ग्रीसच्या क्रीट बेटावर गेले, तेव्हा पर्यटकांचा हंगाम कधीच संपला होता. किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेलं बंद होती आणि बसच्या फेऱ्या कमी. सामारियाची प्रसिद्ध घळही साधारण मे ते ऑक्टोबर एवढीच उघडी असते. तरीही आमची सहल सुखाची झाली ती ज्यांच्यामुळे, त्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत.

हानियाच्या बसस्थानकावरच्या ताई, तुम्ही परतीच्या शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून दिलीत, शिवाय ड्रायव्हरलाही आमच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलंत.

आणि डोंगरातल्या गावच्या आजी! वर लेफ्का ओरीच्या शिखरांवर बर्फ होतं, खाली पाऊस, आणि आईचे हात पार गारठले होते. तुमचं कॉफीचं दुकान बंद होतं, तरी तुम्ही आम्हाला आत घेऊन शेगडीपाशी बसवलंत. उकडलेली रानभाजी, वर लिंबू आणि घरच्या ऑलिव्हचं ताजं तेल. ऑलिव्हची तोडणी चालूच होती, झाडांखाली जाळ्या अंथरलेल्या. इतक्या कामात तुम्ही आमच्यासाठी वेळ काढलात. पैसे तर घेतले नाहीतच, उलट आईची पिशवी संत्र्यांनी भरलीत. एवढं प्रेम भर उन्हाळ्याच्या गर्दीत मिळालं असतं असं मला वाटत नाही.

वादळी वाऱ्यामुळे सूदा बंदरातून अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराची बोट सुटली नाही, त्या रात्री आम्हाला उघडं असलेलं लॉज शोधून देणारे ट्रकवाले दादा, तुमचेही खूप खूप आभार.