सह्या मोजा, तारखा बघा

‘एकदा आत गेला की गेलाच’ ही मनोरुग्णालयाबद्दलची धास्ती उगाच नाही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेली हत्यारे नातेवाईक वापरतच नाहीत.

स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णाला दाखल करायचे तर (कलम ८९) नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाने नेमलेल्या किंवा कायद्यानुसार ठरलेल्या, त्याच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीचा) अर्ज लागतो. शिवाय दोघांनी (एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर) त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेले हवे. एकाच तपासणीवर दोन सह्या दिसल्या तर तिथेच हरकत घ्या. असे दाखल ठेवण्याची मुदत कमाल ३० दिवस. अशा दाखल्यांची फेरतपासणी करणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला रुग्णालयाने सात दिवसांत कळवणे बंधनकारक. महिला किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचे झटके देण्यास बंदी आहे. कलम २५ नुसार रुग्णाला उपचारांच्या मूलभूत नोंदी मागता येतात. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर बोळवण होऊ देऊ नये.

मंडळाकडे दाद मागता येते हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे हेही कायद्यातच आहे. निदान मंडळाचा पत्ता, फोन आणि कोरे अर्ज प्रत्येक वॉर्डात मराठीत ठेवायला काय हरकत आहे?

— एक वाचक, ठाणे