फ्युएल सेल किती तास चालला, तेही छापा

संपादक महोदय,

हायड्रोजनच्या बातम्या हल्ली आपल्या पानांवर वरचेवर येतात. नवा फ्युएल सेल, म्हणजे इंधन न जाळता त्यापासून थेट वीज करणारा संच, किती वीज देतो ते त्यांत ठळक असते. तो किती तास चालला, ते सहसा नसते. तीस वर्षे सिरॅमिकच्या भट्ट्यांवर काढल्यामुळे मला आधी तोच प्रश्न पडतो.

सिरॅमिकच्या नेहमीच्या फ्युएल सेलमध्ये (सॉलिड ऑक्साइड सेल) झिर्कोनिया या सिरॅमिकच्या पडद्यातून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, जातात. त्यासाठी साधारण ८०० अंश सेल्सिअस लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत धातूचे भाग गंजतात. जपानच्या हिरोयासू इवाहारा यांनी १९८१ मध्ये प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, वाहून नेणारे सिरॅमिक दाखवले. अशा पदार्थांवर ५०० ते ६०० अंशांत भागते.

पण त्यांचा स्वभाव अवघड. त्यांपैकी बेरियम सिरेटमधून प्रोटॉन सुरेख वाहतात, मात्र कार्बन डायऑक्साइड लागला की त्याचे बेरियम कार्बोनेट होते. वाफेपुढेही ते टिकत नाही. बेरियम झिर्कोनेट या दोघांना दाद देत नाही, पण ते नीट भाजायला १६००-१७०० अंश लागतात आणि तेवढ्या उष्णतेत बेरियमच वाफ होऊन उडू लागते. कच्चे ठेवूनही चालत नाही. पडदा चिनी मातीच्या बरणीसारखा हवा. माठासारखा पाझरला तर इंधन आणि हवा एकत्र येतील. म्हणून सिरेट आणि झिर्कोनेट मिसळून त्यात इट्रियम, यटर्बियम ही मूलद्रव्ये घालतात आणि चिमूटभर निकेल ऑक्साइडने भाजणीचे तापमान उतरवतात.

अमेरिकेतील कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सच्या गटाने २०१८ मध्ये ११ इंधनांवर असे सेल चालवले, काही तर ६,००० तासांहून अधिक. बहुतेकांच्या कामगिरीतली घट हजार तासांना दीड टक्क्याहून कमी होती. काम मोठेच आहे. पण वर्षाचे तास ८,७६०; म्हणजे दीड टक्क्याने धरले तर वर्षाला सुमारे १३ टक्के घट. रुग्णालयाला किंवा कारखान्याला असा संच परवडेल का?

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर झाले. त्यातून सलग पाच वर्षे सेल चालवत ठेवणाऱ्या चाचणी केंद्रांना स्वतंत्र निधी मिळावा. तीन वर्षांचा प्रकल्प आणि विद्यार्थ्याची पदवी संपली की सेलही बंद, असे होऊ नये. आणि आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक नव्या सेलबद्दल दोन प्रश्न जरूर विचारावेत: किती तास चालला, आणि किती वेळा थंड करून पुन्हा तापवला? भट्टीतला माल तडकतो तो बहुधा थंड होतानाच.

– एक निवृत्त भट्टी-तंत्रज्ञ, ठाणे