‘बिंदू चौकात या’ म्हणणाऱ्यांना माझा माईक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेली २८ वर्षं मी कोल्हापुरात सभांना स्पीकर लावतोय. सगळ्या पक्षांची स्टेजं मागच्या बाजूनं पाहिलीत. वक्ता विरोधकाच्या घराण्यावर घसरला, की आवाज फाटतो आणि मला हात मशीनवरच ठेवून बसावं लागतं. शिट्ट्या पडतात, ‘बघून घेतो’ला हशा येतो, पण सभा सुटल्यावर कानात काही उरत नाही.

एका प्रभागातल्या कोपरा सभेत मात्र पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या एक ताई बोलल्या. ‘आपल्या गल्लीत पाणी पहाटे साडेतीनला येतंय. मीबी घागर घेऊन उठते. निवडून दिलंसा तर उन्हाळ्याच्या आत ही वेळ सहाची करून घेते. नाही झालं तर ह्याच कट्ट्यावर येऊन का झालं नाही ते सांगते.’ इतकं हळू बोलत होत्या, की मला आवाज वाढवावा लागला. मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायका पुढं येऊन सतरंजीवर बसल्या. टाळी एकही नाही. पण एवढ्या वर्षांत भाषण ऐकायला माणसं पुढं सरकलेली मी तेव्हाच पाहिली.

आशा दाखवायची तर अशी दाखवावी. ‘कायापालट करू’ याला ना वेळ, ना गल्ली. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनचा शब्द मी किती निवडणुकांत ऐकला! ऐकून ऐकून लोक त्यावर विनोद करायला लागले. २०२३ च्या दिवाळीत पाणी शहरात आलं, तेव्हा आमच्या आईला आधी खरंच वाटेना. शब्द इतका झिजू द्यायचा नसतो. राजर्षी शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय इथं भाषण सुरू होत नाही. पण त्यांच्या १९०२ च्या हुकमात आकडा होता. रिकाम्या होणाऱ्या शंभरातल्या ५० जागा मागासवर्गीयांना. तेवढं तरी त्यांच्याकडून घ्या.

आणि निवडणूक आली, की एकमेकांना ‘हिंमत असेल तर बिंदू चौकात या’ म्हणायची आपल्याकडं रीतच आहे. त्या चौकात १९५० पासून महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आहेत. तिथं समोरासमोर यायचं ते उणीदुणी काढायला कशाला? प्रत्येकानं दहा मिनिटं आपल्या प्रभागाचं पाणी, कचरा, पुरात बुडणारी घरं, यांबद्दल काय करणार आणि कधीपर्यंत, एवढंच बोलावं. मग समोरच्यानं त्यावर प्रश्न विचारावेत. लोक ऐकतील. मी ऐकताना पाहिलंय त्यांना.

परवानगी काढायचं काम उमेदवारांनी करावं. दोन माईक, चार बॉक्स आणि जनरेटर माझा. रात्री दहाच्या आत संपवू. भाडं घेणार नाही.

आपला,
एक स्पीकरवाला, शिवाजी पेठ, कोल्हापूर