आईच्या मुंग्या आणि बाबांची ती दहा मिनिटं

प्रिय आई-बाबा,

फोनवर तुम्ही दोघं मला पुरतं बोलूच देत नाही, आई मधेच "जेवलीस का" वर येते आणि बाबा "बरं ठेवतो" म्हणतात, म्हणून हे लिहून पाठवतेय. दादा वाचून दाखवेल, चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

आधी आईचं. दिवाळीत तुझ्या शेजारी झोपले होते तेव्हा रात्री तीनला तू उठून बसलीस आणि थर्मामीटर झटकतात तसा उजवा हात झटकत होतीस. दुसऱ्या दिवशी चकलीचा सोऱ्या अर्ध्यात माझ्या हातात दिलास. मुंग्या कुठल्या बोटांना येतात गं, विचारलं तर म्हणालीस सगळ्याच. आज रात्री नीट बघ, करंगळी वाचते ना? अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढाच भाग बधीर होत असेल तर बहुतेक मनगटातली नस दाबली जातेय, कार्पल टनेल म्हणतात त्याला. झोपेत मनगट दुमडलं जातं म्हणून त्रास रात्रीच जास्त. आणि थायरॉइडची गोळी मधे "बरं वाटतंय" म्हणून बंद केली होतीस, त्याचाही संबंध असू शकतो. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावून बऱ्याच जणींना आराम पडतो. तेल चोळ, छान वाटेल, पण दाबलेली नस त्याने सुटत नाही. कप हातातून निसटायला लागले, ब्लाऊजचे हूक लागेनात किंवा अंगठ्याच्या बुडाचं मांस बसल्यासारखं दिसलं तर मात्र थांबायचं नाही, नस फार दिवस दाबलेली राहिली तर ताकद परत येईलच असं नाही.

बाबा, तुमची करंगळी झिणझिणते ते बहुधा खुर्चीच्या हातावर कोपर टेकून तासभर पेपर वाचता त्यामुळे, ती नस कोपराजवळून जाते. मानेपासून कळ येत असेल तर मणक्याचं बघावं लागतं. आणि शुगरची मेटफॉर्मिन तुम्ही कित्येक वर्षं घेताय, त्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यात आपलं घर शाकाहारी, तेव्हा ती टेस्ट करायचीच. शुगरच्या मुंग्या सहसा तळपायापासून सुरू होतात, चप्पल पायातून निसटलेली कळते ना तुम्हाला?

पण मला राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. परवा आत्याच्या तोंडून निसटलं. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी तुमचा उजवा हात एकदम बधीर झाला, चहा पेपरवर सांडला, आईला हाक मारायला गेलात तर शब्द बोबडे, आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं म्हणून तुम्ही ठरवलंत की पित्त चढलं होतं! आई रोज हाताबद्दल बोलते आणि या दहा मिनिटांबद्दल घरात कोणी बोलत नाही. बाबा, पित्ताने बोलणं बोबडं होत नाही हो. मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून सुटली असावी, आणि सुटली म्हणजे संपलं असं नसतं, मोठा झटका यायचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, आणि ते दोन दिवस तुम्ही बाजारात हिंडत काढलेत.

परत असं झालं, एकाच बाजूचा हात किंवा पाय अचानक गेला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तर घड्याळ बघायचं आणि १०८ ला फोन लावायचा, मला नंतर. जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच जायचं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. कांदा हुंगवत बसायचं नाही, तोंडात पाणी-साखर घालायची नाही, आणि शेजारचे काका देतात म्हणून अॅस्पिरिन तर अजिबात नाही, आत रक्तस्राव असेल तर उलटं व्हायचं. छातीवर दाब येऊन डावा हात जड झाला, घाम फुटला, तरीही १०८च.

उद्या सकाळी नऊला दादा गाडी घेऊन येतोय, मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. बीपीच्या गोळ्यांची पाकिटं आणि कपाटातली रिपोर्टांची पिशवी घ्या, आणि ती दहा मिनिटं डॉक्टरांना स्वतः सांगा, नाहीतर आत्याला सोबत पाठवेन. आई, तूही जा, आणि उजव्या हातातल्या बांगड्या आजच साबण लावून काढून ठेव, नंतर मनगटाला सूज आली की निघत नाहीत.

तुमची,
छोटी