‘आवाज वाढवा’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न.

सांगली-मिरज भागात व्याख्यानं, सत्कार, ग्रामसभा वर्षभर सुरू असतात. मागच्या रांगांतून ‘ऐकू येत नाही’ अशी ओरड झाली की मंचावरून फर्मान सुटतं, ‘आवाज वाढवा’. आवाज वाढतो, शिट्टी वाजते आणि खापर ऑपरेटरवर फुटतं. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात हे व्हावं याचं आम्हा ध्वनिव्यवस्थावाल्यांना मनापासून वाईट वाटतं.

स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून फिरत राहिला की शिट्टी वाजते. वक्ता लांब उभा राहिला की आवाज चढवावाच लागतो, कारण अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणून हातातला माईक ओठांपासून चार बोटांवर धरावा, छातीशी नको. जाळीवर मूठ तर मुळीच आवळू नये. समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेता यावा म्हणून जाळीच्या आत, मागच्या अंगाला फटी ठेवलेल्या असतात. त्या झाकल्या की माईक चहूबाजूंचा आवाज ओढतो आणि शिट्टी आलीच. प, फ, भ म्हणताना हवेचा झोत थेट जाळीवर आदळून ‘भप्प’ होतं. माईक हनुवटीच्या पातळीवर थोडा तिरका धरला की झोत वरून निघून जातो. शेजारच्या पाहुण्यांकडे मान वळवली तर माईकही वळवावा.

फुंकर मारून किंवा टिचक्या देऊन माईक तपासू नये, आतला पातळ पडदा त्याने बिघडू शकतो. दोन वाक्यं बोलावीत. कॉर्डलेस माईकचं खालचं टोक पंजात घेऊ नये, बहुतेकांची अँटेना तिथेच असते.

आयोजकांना विनंती अशी, की बॅनर झाकतो म्हणून स्पीकर वक्त्याच्या मागे ढकलू नका. ते माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करूनच हवेत. स्टँडजवळ एक कार्यकर्ता कायम उभा करा. उंच वक्ता बसून ठेंगणा आला की तो टाचा उंचावून बोलत राहतो, कारण स्टँडचा नट सैल करून दांडा खाली घ्यायला कोणीच उठत नाही. ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्यापर्यंत माईक पोचवा. तेवढं जमत नसेल, तर उत्तर देण्याआधी सरपंचांनी तो प्रश्न माईकवर पुन्हा सांगावा.

– ध्वनिव्यवस्था व्यावसायिक, मिरज