कॉलेजांनी फॉर्मचा हट्ट सोडावा

संपादक महोदय,

मी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर मेहताजी, म्हणजे हिशेब लिहिणारा, आहे. जानेवारी उजाडला की कॉमर्स आणि मॅनेजमेंटची मुलं प्रोजेक्टचे फॉर्म घेऊन येऊ लागतात. 'व्यवसायातील ताण : १ ते ५ पैकी किती?' शेठ फोनवर, बाहेर गोण्या उतरताहेत, पट्टीसाठी, म्हणजे विकल्या मालाच्या हिशेबासाठी, शेतकरी खोळंबलेला. अशा वेळी जो तो तीनवर खूण करून मोकळा होतो. पोरं तरी काय करणार? शंभर फॉर्म झाल्याशिवाय सर सही करत नाहीत. निम्मे फॉर्म कॅन्टीनमध्ये बसून भरले जातात, हे सरांनाही ठाऊक असावं.

यंदा पीएचडी करणारी एक मुलगी आली, तिच्याकडे फॉर्मच नव्हता. काम आटोपलं की दोन-तीन मिनिटं मोबाइलवर बोलायचं आणि तिला पाठवायचं : आज काय ठरवलं, का ठरवलं, मनात काय होतं. याला ऑडिओ डायरी म्हणतात. परदेशात वैद्यकीय विद्यार्थी आणि तात्पुरते कामगार यांच्यावर असे अभ्यास झालेले आहेत. आमच्या हमालांच्या मुकादमाच्या हातात लिहायची वही दिली असती तर त्याने ती तिथेच परत केली असती. बोलायला मात्र त्याला कुणी शिकवावं लागत नाही. सुरुवातीला तोही सभेत उभा राहिल्यासारखा 'नमस्कार मंडळी' करायचा. पुढे वजनकाट्याशेजारी बसून टोळीतली भांडणं, वाराईची (माल उतरवण्याच्या मजुरीची) कुरबुर, सगळं सांगू लागला.

याचा उपयोग काय, ते कांद्यावरूनच सांगतो. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. आज बाजारात कुणालाही विचारा, 'मला आधीच वास आला होता' म्हणेल. मग बंदीआधीच्या आठवड्यात चढ्या भावाने माल उचलला कुणी? कुणी किती उचलला ते खातेवहीत सापडेल; का उचलला ते नाही. त्याच संध्याकाळी कुणी बोलून ठेवलं असतं, तर धंद्यातला निर्णय कसा होतो ते कळलं असतं. सहा महिन्यांनी मुलाखत घेतली तर माणूस शहाणपणाच सांगणार.

सरासरी भाव किंवा उलाढाल काढायची असेल तर फॉर्म हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण 'का' विचारायचं असेल तर शंभर फॉर्मऐवजी आठ-दहा जणांच्या महिनाभराच्या नोंदी कॉलेजांनी मान्य कराव्यात. हे काम सोपं नाही. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला कित्येक तास जातात, आणि बाजाराची बोली यंत्राला कळत नाही.

एक गोष्ट मात्र सक्तीची हवी. गाळ्यावर फोन चालू केला की शेजारच्याचा भाव, उचल मागणाऱ्या शेतकऱ्याची विनवणी, सगळं त्यात जातं. त्यांनी कुठे संमती दिली आहे? वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण प्रोजेक्टच्या मुलांना तो कुणी समजावलेला दिसत नाही. नोंद एकट्याने करावी, कागदावर उतरवताना नावं गाळावीत आणि बोलणाऱ्याने म्हटलं की ती पुसावी, हे सरांनी सही करण्याआधी पाहावं.

जूनमध्ये विषय वाटताना कॉलेजांनी याचा विचार करावा. बोलणाऱ्यांच्या रिचार्जचा खर्चही कुणाकडे तरी ठरवून द्यावा. आमचा मुकादम त्याबद्दल मलाच विचारतो आहे.

– एक मेहताजी, वाशी, नवी मुंबई